दातखीळ

आपल्या मराठीचं दातांवर फार प्रेम आहे. रागावलो की आपण दात-ओठ खातो, थंडी वाजली की दातावर दात आपटतात, हरलो की दाती तृण धरतो आणि कोणी फार बोलू लागला की त्याचे दात त्याच्याच घशात घालतो. शाळेत हे वाक्प्रचार पाठ करून, वाक्यात उपयोग करून मी पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. त्यांपैकी 'दातखीळ बसणे' हा एक वाक्प्रचार पुढे शिकागोच्या उपनगरात शब्दशः अनुभवायला मिळेल, असं मात्र तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारी २०२३. सकाळी उठले तर तोंड जेमतेम एक बोट जाईल एवढंच उघडत होतं. आठ वाजता क्लायंटची मीटिंग. मी दातांच्या फटीतून बोलले. पलीकडच्या मंडळींना वाटलं बाई भयंकर संतापली आहे, आणि महिनाभर अडकलेली तारीख दोन आठवडे पुढे ढकलायला त्यांनी एका मिनिटात मान्यता दिली. नवऱ्याने 'हे कायमचं ठेव' असा सल्ला दिला. मला हसूही येईना, कारण हसायला तोंड उघडावं लागतं.

जबडा हे नवं दुखणं होतं. डोकं मात्र जुनं. ऑगस्ट २००१ मध्ये एम.एस.साठी या देशात आले तेव्हा दोन बॅगांबरोबर अर्धशिशीही घेऊन आले. ती आईकडून मिळालेली. आमच्या सांगलीच्या घरात तिला मायग्रेन कोणी म्हणत नसे. 'आईचं पित्त उठलंय' एवढंच. आई डोक्याला ओढणी करकचून बांधून, खिडकी लावून मधल्या खोलीत पडून राहायची. उलटी झाली की तिला बरं वाटायचं, म्हणून दोष पित्ताला. खरं तर मायग्रेनच्या झटक्यात पोटाचं काम मंदावतं, म्हणूनच मळमळ होते आणि उशिरा घेतलेली गोळी लवकर लागू पडत नाही. म्हणजे पित्त हे कारण नसून डोक्याच्या दुखण्याचा एक भाग आहे, हे मला फार उशिरा कळलं. सुंठीचा लेप, अमृतांजन, सूर्योदयापूर्वी दुधातली जिलेबी, सगळं आईने करून पाहिलं. यांतला जिलेबीचा उपाय आम्हां भावंडांना मनापासून पटलेला होता.

मी मात्र इथल्या रीतीने वागले. डॉक्टर, निदान, ट्रिप्टान जातीची गोळी. सुमाट्रिप्टान १९९० च्या दशकात आलं आणि अनेकांचं आयुष्य त्याने बदललं, माझंही. कन्सल्टिंगच्या धंद्यात आजारपणाची रजा नसते, बिल न झालेले तास असतात. सोमवारी पहाटे ओहेअरवरून विमान, गुरुवारी रात्री परत, हे मी अकरा वर्षं केलं. पर्समध्ये पासपोर्ट नसला तरी चालेल, पण गोळी हवी. ऋतू बदलला, विमानातली झोप बिघडली, जेवण चुकलं, की डाव्या डोळ्याच्या मागे कोणीतरी स्क्रू पिळायला लागायचं.

हे सगळं एका संध्याकाळपर्यंत निभावत होतं. मे २०२२ मध्ये लेकीच्या शाळेत ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. तिला पहिल्यांदाच व्हायोलिनवर दोन मिनिटं एकटीने वाजवायचं होतं. मी वेळेवर पोचले, पण पार्किंगमधल्या दिव्यांनी डोकं असं फुटलं की मी गाडीतून उतरूच शकले नाही. मागच्या सीटवर, डोळ्यांवर कोट घेऊन, पिशवी हातात धरून पडून राहिले. तास-दीड तासाने ती आणि तिचे बाबा आले. ती काही बोलली नाही. गाडीचं दार तिने दोन्ही हातांनी इतकं हलकेच लावलं की आवाजच झाला नाही. बारा वर्षांच्या मुलीला दार असं लावता यायला किती वर्षांचा सराव लागला असेल, याचा हिशेब मी त्या रात्री करत बसले.

मग न्यूरॉलॉजिस्ट झाले, दंतवैद्य झाले. दंतवैद्याने सांगितलं की मी रात्री दात खाते. दाढांवर झीज दिसत होती. त्याने नाइट गार्ड करून दिला. दात वाचले, पण दुखणं तसंच राहिलं. आणि मग फेब्रुवारीत ती दातखीळ. न्यूरॉलॉजिस्टबाईंनी डायरी मागितली. मी आयटीवाली, त्यांना पिव्होट टेबलसकट एक्सेल दिलं. त्यांनी त्यातला एकच रकाना पाहिला. गोळी घेतलेले दिवस महिन्यात १२.

'ट्रिप्टान किंवा मिश्र वेदनाशामक महिन्याला १० दिवस किंवा जास्त, साधी वेदनाशामक १५ दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर गोळीच डोकेदुखी वाढवू शकते,' त्या म्हणाल्या. त्यांनी रोज घ्यायची एक प्रतिबंधक गोळी सुरू केली, दुखल्यावर घ्यायच्या गोळीवर मर्यादा घातली आणि विचारलं, 'तुमच्या जबड्याकडे आणि मानेकडे कोणी हात लावून पाहिलंय का?'

आता गंमत बघा. वीस वर्षांत माझ्या डोक्याचा एम.आर.आय. झाला होता, रक्ताच्या बाटल्या भरल्या होत्या, दातांचे एक्स-रे झाले होते. हात लावून मात्र कोणीही पाहिलं नव्हतं.

इथून माझा 'हातांचा' प्रवास सुरू झाला. अमेरिका ही गोळ्यांची भूमी आहे असं आपण समजतो, पण हाताने बरं करण्याचे तीन मोठे पंथ याच मातीतले, आणि त्यांतले दोन तर आपल्या मिडवेस्टमधले. अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरने मिझुरीतल्या कर्क्सव्हिल इथे १८९२ मध्ये ऑस्टिओपॅथीची पहिली शाळा काढली. १८९५ मध्ये डी. डी. पामर यांनी आयोवातल्या डॅव्हेनपोर्टला कायरोप्रॅक्टिकची सुरुवात केली. आपला आय-८८ धरून पश्चिमेला सरळ गेलात की अडीच-तीन तासांत मिसिसिपीच्या काठी ते गाव लागतं. तिसऱ्या आयडा रॉल्फ. १९२० मध्ये कोलंबिया विद्यापीठाची जीवरसायनशास्त्रातली पीएच.डी. मिळवलेली ही बाई. स्नायूंवरच्या आवरणावर दाब देत शरीराची ठेवण सुधारायची, अशी दहा बैठकांची पद्धत त्यांनी बसवली. तिला त्यांच्या नावावरून रॉल्फिंग म्हणतात. त्यातली सातवी बैठक मान आणि डोक्याची, आणि तिच्यात तोंडाच्या आतूनही काम करतात.

मानेचा कटकन आवाज काढणाऱ्या उपचाराला माझ्या न्यूरॉलॉजिस्टबाईंनी साफ नकार दिला. मानेला जोराचा झटका दिल्यावर क्वचित मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. 'मायग्रेनसाठी तो धोका कशाला?' त्यांचा हा प्रश्न मला पटला आणि ती वाट मी सोडून दिली.

माझ्या एका मैत्रिणीने क्रेनिओसेक्रलचं नाव काढलं. याची मुळं ऑस्टिओपॅथीतच आहेत. विल्यम सदरलँड या ऑस्टिओपॅथला कवटीच्या हाडांचे सांधे पाहून वाटलं की ही हाडं किंचित हलत असावीत. पुढे जॉन अपलेजर यांनी १९८५ मध्ये फ्लोरिडात संस्था काढून ही पद्धत सर्वदूर नेली. दाब किती द्यायचा? पाच ग्रॅम. म्हणजे आपल्या खिशातल्या एका निकेलच्या वजनाइतका.

मंद दिवा, अंगावर पांघरूण, कपडे पूर्ण. त्या बाई डोक्याशी बसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ माझ्या डोक्याखाली सरकवली. बस. दहा मिनिटं तेवढंच. माझ्या मनात मीटर चालू होतं: ११० डॉलर तासाला, विमा देत नाही, म्हणजे मिनिटाला जवळजवळ दोन डॉलर, आणि या बाई काहीच करत नाहीत! मग कधीतरी मीटर बंद पडलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रडणं नव्हे, नुसतं पाणी, कानापर्यंत.

त्या पाण्याचा मी नंतर खूप विचार केला. लहानपणी आपल्या डोक्याला किती हात लागतात! न्हाऊ घालणारी बाई टाळूवर तेल जिरवते, आजी रविवारी पायांत बसवून खोबरेल चोळते, दिवाळीच्या पहाटे आई उटण्याआधी अंगाला तेल लावते, परीक्षेला निघालं की वडीलधारं माणूस डोक्यावर हात ठेवतं. आणि मग आपण विमानात बसतो. इथे आपल्या वाट्याला येतं हस्तांदोलन आणि एका बाजूने दिलेली अर्धी मिठी. मुलं मोठी होतात, नवरा-बायको आपापल्या लॅपटॉपसमोर. मोठ्या माणसाने डोक्यावर हात ठेवावा, असं माणूस आसपास असतं कुठे? वीस-बावीस वर्षांनंतर कोणीतरी माझं डोकं ओंजळीत धरलं होतं. ते पाणी त्याचं होतं.

पण मंडळी, डोळ्यांत पाणी येणं आणि आजार बरा होणं, या दोन गोष्टी वेगळ्या. मी तिथे तीन वेळा गेले. तिन्ही रात्री उत्तम झोप लागली. माझ्या एक्सेलमध्ये मात्र फरक पडला नाही. मी जरा वाचनही केलं. मोठ्या माणसाच्या कवटीचे सांधे घट्ट झालेले असतात, आणि या पद्धतीत जी 'लय' हाताला लागते म्हणतात, ती एकाच माणसावर दोन थेरपिस्टना सारखी लागत नाही, असं तपासण्यांमध्ये दिसून आलेलं आहे. मायग्रेन यानेच बरं होतं म्हणावं असा भक्कम पुरावा नाही. त्या बाई मात्र प्रामाणिक होत्या. तिसऱ्या वेळी त्यांनीच माझा गाल चाचपून सांगितलं, 'हा स्नायू दगडासारखा आहे. जबड्याचं काम करणाऱ्या फिजिकल थेरपिस्टकडे जा.'

गेले. आणि इथे खरा हिसका बसला.

ही थेरपिस्ट तिशीची, हसरी, आणि बोटं पक्कडीसारखी. तिने आधी माझीच तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं साधारणपणे मावतात. माझी दीड. मग तिने हातमोजे घातले, एक बोट गालाच्या आत, अंगठा बाहेर, आणि मधला स्नायू चिमटीत धरला. हा मॅसेटर. दाढा दाबल्यावर गालावर टणक लागतो तो. तिने दाब दिला आणि दुखलं कुठे? गालात नाही. डाव्या कानशिलात! डोळ्याच्या वर! ज्या जागी वीस वर्षं स्क्रू पिळला जात होता, बरोब्बर तिथे. मी ओरडले, म्हणजे दीड बोटाच्या फटीतून जेवढं ओरडता येतं तेवढं.

'हीच ना तुमची डोकेदुखी?' तिने विचारलं.

'अर्धी,' मी म्हटलं. कारण मळमळ, उजेड न सोसणं हे सगळं वेगळं होतं. पण वेदना ओळखीची होती.

एका स्नायूवर दाब दिला की दुखणं दुसरीकडे उमटतं, याचे नकाशे जॅनेट ट्रॅव्हेल या डॉक्टरने आयुष्यभर खपून काढले. या बाई राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या वैयक्तिक डॉक्टर होत्या. सहकारी डेव्हिड सिमन्स यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९८३ मध्ये आला. त्या दुखऱ्या गाठी म्हणजे नेमकं काय, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत, पण ते नकाशे आजही थेरपिस्टच्या भिंतीवर दिसतात.

थेरपिस्टने कारण समजावून सांगितलं ते माझ्या धंद्याच्या भाषेत मांडते. चेहऱ्याची, दातांची, जबड्याच्या सांध्याची आणि मेंदूवरच्या आवरणाची वेदना एकाच मज्जातंतूच्या शाखांमधून वर जाते. त्याचं नाव ट्रायजेमिनल. मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंच्या तारा मेंदूच्या बुंध्याशी याच ठिकाणी येऊन मिळतात. म्हणजे सर्व्हर एकच आणि अर्ज पाठवणारे अनेक. रात्रभर जबडा अर्ज पाठवतोय, दिवसभर लॅपटॉपवर वाकलेली मान पाठवतेय. मग मायग्रेनची प्रवृत्ती असलेला मेंदू एखाद्या दिवशी कोलमडतो. याचा अर्थ जबड्यामुळे मायग्रेन होतो असा नाही. मायग्रेन हा मेंदूचा आजार, बहुधा घराण्यातून येणारा. पण सर्व्हर बदलता येत नसला तरी त्यावरचा बोजा कमी करता येतो. हे मला पटलं. वीस वर्षं मी इतरांच्या सिस्टिमसाठी तेच तर करत आले आहे.

आठवड्यातून दोनदा, मग एकदा, अशा दहा बैठका झाल्या. दर वेळी गाल आतून, कानशिलं बाहेरून, आणि शेवटच्या दाढेच्याही मागे दडलेला टेरिगॉइड नावाचा एक स्नायू. तिथे बोट लागलं की पूर्वज आठवतात. मग कवटीच्या तळाशी, मानेच्या सुरुवातीला, बोटांची टोकं ठेवून नुसतं थांबणं. प्रत्येक बैठकीनंतर गृहपाठ. खरं औषध तो गृहपाठच होता, असं आता वाटतं.

गृहपाठाचा पहिला धडा: ओठ मिटलेले, दात सुटे. खाणं-गिळणं सोडलं तर दिवसभरात वरच्या-खालच्या दातांनी एकमेकांना भेटायचं कारणच नाही! मला हे ठाऊकच नव्हतं. तुम्हीही आत्ता वाचताना पाहा, दात टेकलेले आहेत का? जीभ कुठे ठेवायची, तर थेरपिस्ट म्हणाली, 'एन म्हणा, आणि तिथेच थांबा.' मी मनात आपला 'न' म्हटला. वरच्या दातांच्या मागे, हिरडीच्या उंचवट्यावर जीभ अलगद टेकली, आणि जबडा आपोआप सैल पडला. क्लायंटच्या प्रत्येक मागणीला मनातल्या मनात 'न' म्हणायचं, हा उपचार कोणत्याही कन्सल्टंटला आवडावा.

दुसरा धडा: जीभ तिथेच ठेवून तोंड हळूहळू उघडायचं, मिटायचं, सहा वेळा, दिवसातून सहा वेळा. तिसरा: स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला आणायचा. माणसाच्या डोक्याचं वजन साधारण पाच किलो. ते जितकं पुढे झुकेल तितकी मान ओढली जाते. चौथा: गरम ओला टॉवेल गालांवर दहा मिनिटं. हे ऐकून आई फोनवर म्हणाली, 'म्हणजे शेकच ना? त्यासाठी डिग्री लागते होय?'

एप्रिल २०२३ मध्ये माझे डोकेदुखीचे दिवस १७ आणि गोळीचे १२ होते. ऑक्टोबरमध्ये ८ आणि ५. तोंडात आता तीन बोटं मावतात, आणि शिवाजी पार्कच्या मापाचा नसला तरी आपल्या मंडळाच्या मापाचा वडापाव सरळ चावता येतो. श्रेय कोणाचं? मी डेटावाली बाई आहे, खोटं बोलणार नाही. त्याच सहा महिन्यांत प्रतिबंधक गोळी सुरू झाली, दुखल्यावरच्या गोळ्या कमी झाल्या, विमानप्रवास जवळजवळ थांबला. चार गोष्टी एकदम बदलल्या की कोणती लागू पडली हे एका माणसाच्या तक्त्यावरून सिद्ध होत नाही. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्याविषयी मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांत थेरपिस्टने हाताने करायचे उपचार, जबड्याचे आणि ठेवणीचे व्यायाम आणि मनाच्या ताणावरचे उपचार यांना जोरदार पाठिंबा आहे, आणि नेहमीच्या काढघाल करायच्या गार्डबद्दल फारसा उत्साह नाही. दाढा झिजू नयेत म्हणून मी माझा गार्ड घालते. दुखणं जावं म्हणून व्यायाम करते.

अजूनही महिन्यातले काही दिवस जातात. गेल्या वर्षी लेकीच्या कार्यक्रमाच्या दिवशी डोकं दुखतच होतं. गोळी वेळेवर घेतली, टोपी घातली, शेवटच्या रांगेत दाराजवळ बसले, आणि जीभ 'न'वर ठेवून पूर्ण दीड तास ऐकलं. ती आता पंधरा वर्षांची आहे. घरी आल्यावर 'किती दुखतंय?' असं विचारून ती माझ्या मागे उभी राहिली आणि तिने अंगठ्यांनी माझी मान दाबायला सुरुवात केली. थेरपिस्टने तिला एकदा जागा दाखवून ठेवली होती. दाब थोडा जास्तच होता, पण मी सांगितलं नाही.

आपल्या मंडळात अर्धशिशीवाल्या, आणि अर्धशिशीवाले, बरेच आहेत हे मला माहीत आहे. मायग्रेन बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण तिप्पट आढळतं, आणि आपण बायका ते 'पित्त' म्हणून उरकून टाकतो. तेव्हा चार गोष्टी सांगते. आधी डॉक्टर, मग हात. अचानक, आयुष्यात कधी नव्हे इतकं तीव्र डोकं दुखलं, बोलणं अडखळलं, एक बाजू बधिर झाली, ताप येऊन मान आखडली, तर मालीश नाही, थेट ९११. पन्नाशीनंतर नव्याने डोकेदुखी सुरू झाली आणि चावताना जबडा दुखू लागला, तर लगेच तपासून घ्या; तो रक्तवाहिनीच्या सुजेचा आजार असू शकतो आणि त्यात दृष्टी जाण्याचा धोका असतो. गोळ्यांचे दिवस मोजा. हात लावणाऱ्याचा परवाना विचारा. आपल्या इलिनॉयमध्ये मसाज थेरपिस्टलाही राज्याचा परवाना लागतो. आणि दहा बैठकांत काही फरक न पडता जो अकरावीचे पैसे मागेल, त्याला नम्रपणे 'न' म्हणा.

राहिला आईचा प्रश्न. ती यंदा उन्हाळ्यात येऊन गेली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पित्त जवळजवळ थांबलेलं. वय वाढलं की बऱ्याच जणींचं मायग्रेन निवळतं. एका रविवारी मी तिला खुर्चीत बसवून तिचे गाल चाचपले. डावा मॅसेटर दगड. मी म्हटलं, 'आई, तूही आयुष्यभर दात खात होतीस!'

ती म्हणाली, 'आमच्या घरात मला दुसरं काय खायला मिळत होतं?'

आम्ही दोघी हसलो, आणि मी खोबरेल तेल गरम करायला ठेवलं.